इंग्रजीत सांगितलेले बाबा

मंडळी, आज दुपारपासून मन थकून गेलंय.

नातीची इंग्रजीची तोंडी परीक्षा आहे. "आजोबा, घरातल्या कुणाच्या तरी आयुष्यातला प्रसंग सांगायचाय. मला सुचतच नाही," म्हणाली. मग मी माझा सांगितला.

साठच्या दशकात तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. मी कोळ्याचा मुलगा, नुकताच मॅट्रिक झालेला. कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. साहेबांनी इंग्रजीत घरच्यांबद्दल विचारलं आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. शेवटी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "बाबा समुद्रावर गेले. होडी परत आली. बाबा नाही आले. आई मासळी सुकवते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नोकरी मिळाली.

घरी आईने विचारलं, "काय इचारला रं तुला?"

"गणित," मी म्हणालो. बाबांचं मरण सांगून नोकरी आणली, हे तिला कसं सांगणार? ती जाईपर्यंत सांगितलं नाही.

सगळं ऐकून नात हळूच म्हणाली, "आजोबा, परीक्षेत हेच सांगू?"

"उद्या सांगतो," म्हणालो. तुम्ही काय सांगितलं असतं?