मालकांच्या शेजारची जागा

कळंबला एका संस्थेच्या फुकट दवाखान्यात कवळ्या बनवणारा एक माणूस आहे. आधी तिथं एक टेबल आणि गोळ्यांचं खोकं एवढंच होतं. आता दातांसाठी तीन खुर्च्या झाल्या आहेत, आणि मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या. त्यांवर कवळीसाठी घेतलेले लोकांच्या तोंडांचे पांढरे साचे मांडले आहेत. तो ते फडक्यानं पुसतो आणि पुसताना विचारतो, "काय अण्णा, जेवण झालं का?" जिवंत माणसाशी फारसा बोलत नाही.

भाकरी चावेना म्हणून मी गेले. एका साच्यात खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले दिसले. तो आमच्या मालकांचा होता. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

"मेल्या माणसाचं कशाला ठिवलास रं? फोडून टाक."

"नगं म्हणत्यात ते," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. "आन् माझं कुठं ठिवणार?"

त्यानं मालकांच्या शेजारी बोट दाखवलं. साऱ्या फळीवर तेवढीच जागा मोकळी होती, आणि तीही पुसून ठेवलेली.

दुधात कुस्करलेल्या भाकरीचा मला वीट आला होता. मी खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं.