रंग धुवून सांगा

आमच्या गावात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाटक व्हायचं आणि त्यातला राजपुत्र आमच्याच घरातला असायचा. तो आमचा मान होता. आवाज फुटका असो की पाठांतर कच्चं, देशमुखाचा थोरला मुलगा राजपुत्र होणार आणि बाकीचं गाव सैनिक, ऋषी नाहीतर राक्षस. नाटक दिवसाउजेडीच होई, कारण गंगेपलीकडच्या लोकांना अंधार पडायच्या आत नावेने परत पोचवावं लागे. गंगा म्हणजे गोदावरी. थडीवरची, तिच्या काठची माणसं तिला दुसऱ्या नावाने हाक मारत नाहीत.

नाटकाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. राजपुत्र शिकारीच्या धुंदीत एका मेंढपाळाची झोपडी पेटवतो, मेंढपाळ जळून मरतो, आळ नोकरावर जातो आणि शेवटच्या अंकात राजपुत्र भर दरबारात गुन्हा कबूल करतो. राजा म्हणतो, न्याय रयतेने करावा. मग राजपुत्र खाली लोकांत उतरून हात जोडतो आणि विचारतो, माझं काय करता? सगळं गाव एका सुरात म्हणतं, ‘माफ!’ की आरती होते, बत्तासे वाटले जातात. मेंढपाळाला कोणी का विचारत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. पण तो मेलेला, आणि त्याचं सोंग घेतलेला माणूस तोवर पडद्यामागे चिलीम ओढत बसलेला असे.

आणखी एक रीत होती. तोंडाला रंग आहे तोवर माणूस जे बोलेल ते कोणी धरायचं नाही. राक्षस झालेला न्हावी भर मांडवात माझ्या वडिलांना शिव्या हासडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचीच हजामत करायला यायचा. वडीलही हसून मान पुढे करायचे.

त्या साली मी पहिल्या बाळंतपणासाठी पाटोद्याहून माहेरी आले होते. दादाने राजपुत्राचा नवा मुकुट पलीकडच्या थडीला एका कारागिराकडे करायला टाकला होता. भाद्रपदात तो आणायला गेला आणि परत आला तो चिखलाने माखलेला, थरथरणारा, गड्यांच्या खांद्यांवर. येताना नाव उलटली होती. दादाला बाभळीची फांदी सापडली. नावाडी वाहून गेला आणि खूप खाली वाळूत सापडला.

संध्याकाळपर्यंत आमच्या घरातून बातमी बाहेर पडली की नावाडी शिंदी प्यालेला होता. हे वडिलांनीच काढलं असावं, कारण निजाम सरकारच्या पोलिसांचे अमीनसाहेब चौकशीला आले तेव्हा बोलत होते ते वडील. दादा खाली मान घालून बसला होता. अमीनसाहेबांनी सरबत घेतलं, पान खाल्लं आणि घोड्यावर बसून निघून गेले.

आता यातली चूक बघा. नावाडी माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकवायचा नाही, देवळातल्या भजनात टाळ धरायचा. शिंदीच्या बनाशेजारून जायची वेळ आली तर वाट वाकडी करणारा माणूस. थाप मारायचीच होती तर वारा सुटला म्हणता आलं असतं, नाव जुनी होती म्हणता आलं असतं. पण आपल्या दारात वाकून उभ्या राहणाऱ्याच्या गळ्यात काय आहे, ते बघायची आमच्या घराला सवयच नव्हती.

गावाला सगळं ठाऊक होतं, आणि गाव मूग गिळून बसलं. पंचाईत झाली ती भजनी मंडळींची. त्याला निर्दोष म्हणावं तर देशमुख खोटे पडतात, आणि देशमुखांचं खरं मानावं तर माळ घालून दारू प्यालेल्याच्या तिरडीपुढे टाळ कसे वाजवायचे? त्यांनी सोपी वाट काढली. ते गेलेच नाहीत. टाळ नाही, मृदंग नाही, अशी त्या माळकऱ्याची तिरडी गेली.

त्याचा म्हातारा बाप एकदा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. वडिलांनी गड्याकरवी ज्वारीचं पोतं त्याच्यापुढे टाकलं. त्याने त्याला हात लावला नाही.

"मालक, मला काय बी नको," तो म्हणाला. "तेवढी शिंदी त्याच्या नावावरची काढा."

वडील दैवाच्या गोष्टी बोलून आत निघून गेले. दादा माडीवर होता, त्याने सगळं ऐकलं. तेव्हापासून जेवताना पाट जरा सरकला तरी तो दोन्ही हातांनी जमीन धरायचा. झोपेत म्हणायचा, ‘बसतो, बसतो.’ कोणाला म्हणतोस, असं विचारलं की माझ्यावरच खेकसायचा. मला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. घरात आणखी कोणीतरी राहायला आलं आहे, असं वाटायचं.

नाटक बंद ठेवावं असं आईने सुचवून पाहिलं. मान सोडला तर लोक नको ते बोलतील, असं वडिलांचं म्हणणं. शेवटी दादाने जुनाच मुकुट घातला. आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड बसलो. शेवटच्या अंकात दादा खाली उतरला, हात जोडले आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला. मग नाटकातलं नव्हतंच ते बोलायला लागला.

"तो शुद्धीत होता. पाणी चढतंय, नाव सोडू नका म्हणत होता. खळ्यावरचं बलुतं बंद करीन म्हणालो, तवा त्यानं दोर सोडला. मधी धारेत मुकुटाची पेटी घसरली. बसा धाकले मालक, बसा, असं तो वरडत होता. मी उभा राहिलो."

तेवढ्यात वडील खुर्चीवरून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "माफ!" मागोमाग सगळं गाव ओरडलं, आणि कधी नव्हे इतक्या जोराने ओरडलं. वडिलांनी दादाच्या खांद्यावर शेला घातला. असं काम आजवर झालं नाही, असं माझ्या शेजारच्या बायका डोळे पुसत सांगू लागल्या. झोपडी नाही, आग नाही, मेंढपाळ नाही, बलुत्याचं नाटकात नावही नाही, हे त्यांनाही कळत होतंच. पण तोंडाला रंग होता, आणि गावाला तेवढं पुरलं.

लोक पांगत असताना म्हातारा दादाजवळ आला. मी चिकामागेच होते.

"धाकले मालक, लई उपकार झाले," तो म्हणाला. "आता तोंड धुवा, आन् ह्येच रंग धुवून देवळात भजनी मंडळींपुढं सांगा. म्या तितं बसतो."

दादा येतो म्हणाला. त्याने तोंड खसाखसा धुतलं, मुंडासं बांधलं आणि निघाला. दारात वडील उभे होते. तू बोललास तर मी खोटा पडतो, अमीन खोटे पडतात, वतनावर सरकारची नजर फिरते, आणि ही तुझी बहीण सासरी काय तोंड दाखवील, असं ते हळू आवाजात सांगत राहिले. माझ्या नावाचाही असा उपयोग झाला. दादा आत वळला. म्हातारा देवळात भजन संपेपर्यंत बसून होता, असं नंतर कानावर आलं.

दादाने राजपुत्राचं काम पुन्हा केलं नाही. तो मान चुलतभावाकडे गेला. दादाला लागली ती शिंदी. मी दिवाळीला यायची तेव्हा म्हणायची, अजून सांगून टाक. वडील जाऊ देत, मग सांगतो, असं तो म्हणे. वडील गेले, तेव्हा पोरांची लग्नं होऊ देत म्हणाला. तोवर नावाड्याचा बापही गेला. त्याच्या तिरडीपुढे टाळ होते की नव्हते, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दादा गेला तेव्हा निजामाचंच राज्य होतं. मी पाटोद्याहून पोचले तोवर तिरडी बांधून झाली होती आणि भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन अंगणात उभी होती. त्यांना बोलवावं लागलं नव्हतं. सकाळपासून ज्याच्या तोंडाला वास यायचा त्याच्यासाठी ती आपण होऊन आली होती. मृदंगावर पहिली थाप पडली आणि माझ्याने राहवलं नाही. बायकांनी उंबऱ्याच्या आत राहायचं असतं. मी बाहेर आले.

"थांबा," मी म्हणाले. "नावाडी शुद्धीत होता. दादानं धमकी देऊन त्याला पुरात नाव सोडायला लावली. मधी दादाच उभा राहिला. मी तोंडाला रंग लावलेला न्हाई, तवा ह्ये धरा."

भाच्याने माझा दंड धरला आणि आत्या, आत चला म्हणाला. माणसं जमिनीकडे बघत होती. मृदंग वाजवणारा आता पुरता म्हातारा झाला होता. त्याने गळ्यातला पट्टा काढला आणि मृदंग आमच्या ओट्यावर ठेवला. मग एकेकाने टाळ ठेवले. दादाला तसंच नेलं. त्याच्यासाठी मी खूप रडले, पण बोलले त्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही.

नावाड्याच्या घरात मात्र हे ऐकायला तोवर कोणीही उरलं नव्हतं.