युझूची बरणी

जपानमधल्या फुनाबोरीच्या त्या घरात मला पहिल्याच महिन्यात नावं ठेवली गेली, आणि त्याचं कारण होतं एक स्टीलचा डबा.

दादा माझ्या नात्यातले नव्हते, आमच्या संस्थेत पोस्टडॉक होते आणि मी नुकतीच पीएचडीला आले होते. माझ्या खोलीच्या करारावर हमीदार म्हणून त्यांनी सही केली. तेव्हापासून एक रविवार आड त्यांच्याकडे जेवायला जायचं, असं त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, ठरवून टाकलं. पहिल्या रविवारी त्यांनी आमटी डब्यात भरून दिली. मी डबा घासला, कोरडा केला आणि पुढच्या खेपेला चकचकीत करून परत नेला. वहिनींनी झाकण काढून आत पाहिलं, डबा उलटा केला आणि दादांना म्हणाल्या, "कॉन्व्हेंटमध्ये रिकामं भांडं परत देतात वाटतं."

निदान चिमूटभर साखर तरी घालायची असते, हे मला माहीत नव्हतं. पुण्यात आमच्या सोसायटीत शेजारी एकमेकांना डबे देत नसत, त्यामुळे आईला कधी सांगायची वेळच आली नसावी. पण त्या दिवसापासून माझं काहीच बरोबर नसे. मी बोलताना मध्येच मराठी शब्द शोधायला थांबले की वहिनीही थांबत आणि भुवया उंचावून सगळ्यांना थांबवत. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या वेळी इथले निम्मे भारतीय विमानं पकडून गेले, आपण मात्र राहिलो, हे त्या दर जेवणाला सांगत. ऐकताना असं वाटे की पळालेल्यांत मीही होते. प्रत्यक्षात मी तेव्हा शाळेत होते.

त्या घरात मला एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे कोबी आणि काकडीचं सॅलड. त्यावर त्या एका बाटलीतून तपकिरी, आंबटगोड ड्रेसिंग ओतत. बाटल्या पडू नयेत म्हणून फळीला आडवा पट्टा बांधलेला होता, त्यामागे ती उभी असे. ते सॅलड मी दोनदा मागून घेई. वहिनींकडे मी तोंडानं मागितलेली वस्तू तेवढीच.

आणि मी मासे खात नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आवाज लहान होता, हे कबूल. पण स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

त्या हिवाळ्यात मी राहायचे त्या इचिकावातल्या माझ्या नेहमीच्या दुकानात मी तीच बाटली उचलली. तोपर्यंत मला बरीच जपानी अक्षरं येऊ लागली होती. घटकांच्या यादीत एक अवघड अक्षर होतं. ते पूर्ण वाचता आलं नाही, पण त्याचा डावा अर्धा भाग मला ओळखता आला. त्याचा अर्थ मासा. फोनवर शोधलं. बोनिटो माशाचा अर्क. मी बाटली जागेवर ठेवली, तिचं लेबल समोर केलं आणि काही न घेता बाहेर पडले. आठ महिने, एक रविवार आड, दोन-दोनदा मागून. घरी येऊन मी पुन्हा पुन्हा चूळ भरत राहिले. त्यात काही अर्थ नव्हता.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या सेक्रेटरीबाईंनी त्यांच्या अंगणातल्या झाडाची युझूची, म्हणजे तिथल्या एका लिंबाची, फळं सगळ्यांना वाटली. मला पाच मिळाली. मी एक आपल्या लिंबासारखं कापून पिळलं, तर वाटीत पडल्या पंधरा-वीस बिया आणि जेमतेम चमचाभर रस. युझूचा सगळा जीव सालीत असतो, हे दुसऱ्या फळाला कळलं. मग पिवळी साल हलक्या हातानं किसली. पांढरा भाग आला की कडू लागतं. तीन फळांचा रस गाळून घेतला. मीठ आधी रसात विरघळवायचं, तेलात ते विरघळत नाही. हे मी पहिली खेप वाया घालवून शिकले. मग थोडा मध, मिरपूड आणि शेवटी रसाच्या दुप्पट तेल. जॅमच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण लावलं आणि दाटसर होईपर्यंत हलवलं. वास इतका स्वच्छ होता की मला रागच आला. एवढंसं तर करायचं होतं.

पुढचा जेवणाचा रविवार मी बरं नसल्याचं सांगून टाळला. दादांच्या आई, ज्यांना सगळे आजी म्हणत, नाशिकहून तीन महिन्यांसाठी यायच्या होत्या, हे मला ठाऊक होतं. त्या पक्क्या शाकाहारी, बाहेरचं पाणीसुद्धा विचारून पीत, असं वहिनीच वैतागून सांगत. मी त्या यायची वाट पाहिली. हे इथे लिहायला हवं.

त्या रविवारी गाडीत मी एकच वाक्य मनात घोकत गेले. पानं मांडली होती आणि आजींच्या ताटात सॅलड वाढून झालं होतं. मी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, की हे मी माझ्यापुरतं आणलंय. वहिनींनी झाकण उघडून वास घेतला.

"लिंबू पिळायला पण पीएचडी लागते का गं?"

दादा हसले. आजींनी काकडीचा तुकडा तोंडात टाकला.

"वहिनी, तुमच्या बाटलीत मासा आहे," मी म्हटलं. "वर लिहिलंय. मी नाही खात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

आजींचा हात ताटावरच थांबला. वहिनी मात्र दचकल्या नाहीत. त्यांना माहीत होतं, हे मला तिथेच कळलं.

"अर्क आहे, मासा नाही. भूकंपानंतर दुकानं रिकामी होती, तेव्हा ही बाटली आणि भात एवढंच होतं घरात. तेव्हा लेबलं वाचायला तू नव्हतीस." मग त्या जरा पुढे झुकल्या. "आणि दोन-दोनदा मागून खात होतीस, तेव्हा नाही लागला मासा?"

आजी उठल्या. बेसिनचा नळ बराच वेळ वाहत होता. परत आल्यावर त्या सुनेशी बोलतील असं मला वाटलं होतं, पण त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुला कधी कळलं हे?"

"तीन आठवडे झाले."

"मला येऊन दोन झाले," त्या म्हणाल्या. "रोज खातेय मी ते."

वहिनी हसल्या, पण आवाज न करता. मी भात तसाच सोडून निघाले. कुणी थांबवलं नाही. बरणी टेबलावरच राहिली.

त्यानंतर बोलावणं आलं नाही. संस्थेत दादा दिसले की मान हलवत आणि मीही हलवत असे. पुढे खोलीचा करार नव्यानं करायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना विचारलं नाही.

त्या रविवारनंतर महिन्याभरानं संस्थेतल्या माझ्या टेबलावर एक कागदी पिशवी आली. दादा म्हणाले, वहिनींनी दिलीय. आत माझी बरणी होती. घासलेली, कोरडी केलेली, काच अशी की बोटाचा ठसाही नाही.

ते वळून जाईपर्यंत मी थांबले. मग झाकण उघडलं आणि बरणी तळहातावर उलटी केली. साखरेचा एक कणसुद्धा पडला नाही.