सुपारीची खांडं

फ्रेंच क्रियापदं फोडायला भाके काका अडकित्ता घेऊन बसत. उच्चाराच्या प्रत्येक तुकड्याला सुपारीचं एक खांड. "नू. पार. लों." 'आम्ही बोलतो' म्हणजे टेबलावर तीन खांडं. 'ते बोलतात' याची शेवटची अक्षरं लिहायची, पण उच्चारायची नाहीत, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी शेवटचं खांड उचलून तोंडात टाकलं. "जे बोलायचं नाही ते गिळायचं. समजलं, मॅडमजी."

इथे हिंदी मुलखात, अधारतालला, मी पोटासाठी फ्रेंच शिकवते. गेल्या थंडीत वारलेले काका माझे सगळ्यात म्हातारे विद्यार्थी. तोफांच्या कारखान्यातले निवृत्त फिटर. मुलगा फ्रान्समध्ये. छोटी नात फक्त फ्रेंच बोलायची. तिच्याशी बोलता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मी बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर वाढलेली. अन्याय दिसला की माझं भाषण सुरू. "काका, तुम्ही काहून झुकता? तिला मराठी शिकवणं तुमच्या मुलाचं काम आहे. तिचा हक्क आहे तो!"

"नातीसमोर झुकलं त काय बिघडते? तिची उंचीच तेवढी आहे." ते हसले. मग अडकित्ता मिटला. "अन् मुलाले काय म्हणू? त्याले मराठी येतच नाही. शाळेत पोरं चिडवत, म्हणून मी घरातही हिंदीच सुरू केली. त्याची आई मराठीत बोलली की मीच डोळे वटारत होतो."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

रविवारी त्यांनी माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल लावला. खांडं मांडून, घाम पुसत म्हणाले, "नू... पार... लों." नात खिदळली. मागून मुलगा म्हणाला, "बाबा, रहने दो ना." काकांची मान खाली गेली.

पण पोरीला तो खेळ वाटला. तिने आपले तीन ठोकळे मांडले आणि काहीतरी विचारलं.

"तुम्हाला काय म्हणू, विचारतेय," मी सांगितलं.

काकांनी एकेक खांड पुढे सरकवलं. "आ. जो. बा."

"आ. जो. बा." एकेका ठोकळ्यावर तिचं बोट. मागे उभ्या मुलाचेही ओठ हलले. आवाज आला नाही.

कॉल संपल्यावर मी ती खांडं त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या काका, खा आता."

त्यांनी मूठ मिटली.

"नाही, मॅडमजी. हे नाही गिळायचं. जिंदगीभर तेच केलं."