भागोजीची आण

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं परभणीकर छाती फुगवून सांगतात. मी जर्मनी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. पण जानेवारीतल्या सकाळी परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा थंडी मात्र नक्की परदेशी होती. बाहेरच्या टपरीवर लागोपाठ दोन चहा ढोसले आणि जिंतूरवरून पुढे जाणारी एसटी पकडली.

कामगिरी वडिलांनी सोपवलेली. माझे आजोबा मराठवाडा मुक्तिसंग्रामातले. चारठाण्याच्या पुढे आमच्या मूळ गावात स्तंभ आहे, त्यावर त्यांचं नाव आहे. पंच्याहत्तरीतल्या वडिलांना त्या नावाचा फोटो भिंतीवर हवा होता. आजोबांनी पुढे नोकरी धरून नाशिक गाठलं ते गाठलंच. नंतर आमच्यापैकी कोणी गावात फिरकलं नाही. गोष्ट मात्र घरात तोंडपाठ : निजामाचे पोलीस मागावर असताना आजोबा एकटे, अनवाणी, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात पोचले. या गोष्टीवर मी शाळेत वक्तृत्वाचं बक्षीससुद्धा मारलं आहे.

चारठाण्याला उतरून जुनी देवळं पाहिली. कोरीव काम इतकं दाट की वर बघून मान अवघडली. एका देवळात मी आणि दोन शेळ्या एवढेच भाविक होतो, आणि शेळ्यांना शिल्पकलेत रस दिसला नाही.

पुढच्या टमटमवाल्याने मला भलत्याच फाट्यावर सोडलं. रानातून पाच मिनिटांची वाट आहे म्हणाला. मराठवाड्यातली पाच मिनिटं जरा लांबट असतात. त्यात हरभऱ्याला नुकतंच पाणी दिलेलं. काळ्या मातीने चपला ओढून घेतल्या, मी त्या हातात घेतल्या आणि गुडघ्यापर्यंत चिखल मिरवत गावात शिरले.

पारापाशी स्तंभ होता. आजोबांचं नाव वरून तिसरं. फोटो काढला, डोळे भरून आले, आणि समोरच्या हॉटेलात बसलेल्या मंडळींना मी कोणाची नात ते न विचारताच सांगितलं. मग काय, चहा, शेव, पुन्हा चहा. कौतुक मला पचतं.

तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई दूर उभी राहून मला खुणावू लागली. तिचं नाव मंगल. मेंढपाळांच्या वस्तीवरची. "आमच्या आजी तुमाला बोलवायल्यात," म्हणाली. हॉटेलातला एकजण हळूच म्हणाला, त्या घरी कशाला जाता, चोराचं घर हाय ते. मंगलने ते ऐकलं आणि नुसती मान खाली घातली. मला त्या माणसाचा राग आला आणि मी चपला उचलून तिच्या मागे निघाले.

मी जे रान तुडवत आले, त्याच्याच कडेला वस्ती होती. बांधावर काठी टेकून एक अठ्ठ्याऐंशी-नव्वदची म्हातारी चिखलातली माझी पावलं बघत होती. ही येमनाबाई, मंगलची आजेसासू.

"उजवं पाऊल भायेर टाकता," ती म्हणाली. "वळखीचं हाय. तुमी त्यांच्याच घरच्या."

आधार कार्ड दाखवायची वेळच आली नाही. आमच्या घरात सगळ्यांचं उजवं पाऊल बाहेर पडतं, वडील त्यावरून मला लहानपणी चिडवायचे.

मंगलने गरम भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. झणझणीत. नाक पुसत जेवले. हात धुतल्यावर येमनाबाईने देवळीतला खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान आणवलं, स्वतःच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली की तुमच्या आजोबांनी माझ्या बापाला आणि मला आण (शपथ) घातली होती. परत येऊन सोडवतो म्हणाले होते. आता त्यांच्या घरच्या माणसाने हा भंडारा उचलून घ्यावा आणि आण सुटली म्हणावं.

कसली आण, मी विचारलं.

"ती सुटल्याबिगर कसं सांगू, बाई?"

मला गंमत वाटली. मी भंडारा उचलला आणि म्हणाले, आण सुटली. म्हातारीने डोळे मिटले. मग मंगलचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि बोलू लागली.

आजोबा चार दिवस त्यांच्या मेंढरांच्या वाड्यात लपले होते. येमनाबाई तेव्हा बारा वर्षांची. पोलीस जवळ आले तेव्हा, मी इथे होतो हे कोणाला सांगायचं नाही अशी आण घालून आजोबा निघाले, पण ओल्या काळीत पावलं उमटत गेली. उजवं बाहेर पडणारं पाऊल. तिचा बाप भागोजी याने त्या पावलांवरून सगळी मेंढरं हाकली, पार ओढ्यापर्यंत. पोलिसांनी विचारलं, दुसऱ्याच्या रानातून अवेळी मेंढरं का हाकलीस? भागोजी म्हणाला, चोरीची आहेत. त्यांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. चोर हे नाव त्या दिवसापासून घराला चिकटलं, येमनाबाईला घरजावई केला, भागोजी मेला, तरी ते सुटलं नाही.

"पण आजी, निजामाचं राज्य तर गेलं," मी म्हणाले. "मग का नाही सांगितलं?"

"आण राज्याची न्हवती, बाई. खंडोबाची हुती."

मंगल रडत होती. तिच्या लेकीची दोन स्थळं याच नावामुळे परत गेली होती. मला आजोबांचा राग आला, आणि माझ्या वक्तृत्वाच्या बक्षिसाचीही लाज वाटली.

येमनाबाई म्हणाली, "आता पारावर तुमी सांगा. आमी सांगितलं तर चोराची लेक बोलायली म्हनतील."

दुपारी मी हॉटेलात परत गेले. यावेळी कौतुक नको होतं. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझे आजोबा एकटे गेले नव्हते, हे वाक्य सगळ्यात जड गेलं. जो चोराचं घर म्हणाला होता, त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि टोपी काढून वस्तीकडे चालू लागला. बाकीचे एकेक करून त्याच्या मागे गेले.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. स्तंभावर नाव यायला धाडस लागतं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. नाव घालवायला किती लागतं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

नाशिकला वडील दारातच फोटो मागू लागले. मी त्यांना बसवलं आणि भागोजीबद्दल सांगितलं.

"बाबा शेवटच्या आजारपणात सारखे म्हणायचे," ते म्हणाले, "गावाकडं माझं एक काम राहिलंय. आम्हाला वाटलं, जमिनीचं असेल. आम्ही कधी विचारलं नाही."