दातांनी तोडलेला दोरा

मंडईबाहेर गजरे विकणाऱ्या बाईंनी बोलता बोलता दोरा दातांनी तोडला आणि मी बघतच राहिले. माझे पुढचे दात एकमेकांना कधी टेकलेच नाहीत, म्हणून हाताशी कायम कात्री. आमची ताई मात्र दातांनीच दोरा तोडायची आणि आईची बोलणी खायची.

चाळिशीत मी दातांना तारा लावल्या, मग जबड्याचं ऑपरेशन केलं. "या वयात कुणाला दाखवायचंय?" असं नातेवाइकांनी विचारलं. आता तारा निघाल्यात.

घरी येऊन आईच्या ब्लाउजला हूक लावला आणि दोरा दातांत धरला. तुटला.

"अगं, दातांनी काय तोडतेस? कात्री घे की!" आई खेकसली.

ताई खायची ती बोलणी अखेर माझ्याही वाट्याला आली.