बूट काढून आलेला साहेब

दोन हजार एकोणीस साल. मला सदुसष्टावं लागलं होतं. घोडेगावच्या अलीकडं एका विद्यापीठाच्या जागेत जुनी दगडी इमारत होती. तिच्या दारात एक माणूस बूट काढून उभा. आत पाला, वटवाघळांची घाण, आणि हा अनवाणी. मी म्हणालो, "साहेब, देऊळ न्हाई हे."

"आबा, घाई नको. आधी बघू द्या."

तिथं होणाऱ्या नव्या इमारतीचा नकाशा काढणारा साहेब तो. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. पुण्याचा, पण ताटावर बसला की घरचाच वाटणारा. आमच्याकडं ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि वर माझ्या बायकोला म्हणायचा, "मावशी, अजून थोडा." चुना मळताना हात पोळून घेतला, पण माझ्याकडून शिकला. मी चौथी नापास गवंडी. माझ्याकडून शिकणारा साहेब तोवर पाहिला नव्हता. फुगलो होतो, खोटं कशाला सांगू.

जुनी इमारत खचत होती. तो म्हणाला, सगळे दगड उतरवू आणि नव्या इमारतीपुढं ती जशीच्या तशी उभी करू, दारावरच्या कमानीसकट.

सखाराम माझा चाळीस वर्षांचा जोडीदार. तो म्हणाला, "राव, लेखी कागद दाखीव म्हनावं आधी. मी न्हाई हात लावायचा."

"साहेबानं शब्द दिलाय. भित्रा हायेस तू," मी चारचौघांत बोललो. तो हत्यारं गोळा करून गेला. आमचं बोलणं तुटलं.

मी दर दगडावर आकडा घातला. मला शंभरापर्यंतच लिहिता येतं. म्हणून पहिले शंभर तांबडे, पुढचे पांढरे, मग निळे, मग पिवळे. साहेबानं वहीत उतरवून घेतलं. "आबा, हे मला सुचलं नसतं." एकाही दगडाचा कोपरा उडू दिला नाही मी. दगड ट्रकनं गेले. साफ करायला, असं तो म्हणाला.

दोन वर्षांनी उद्घाटनाचं बोलावणं आलं. काचेची तीन मजली इमारत. पुढच्या भिंतीला माझा दगड, बोटभर जाडीच्या चकत्या करून सिमेंटवर चिकटवलेला.

"कमान कुठाय?"

"आबा, जुन्या-नव्याचा मेळ घातलाय. दगड तोच आहे ना?"

"माणसाचं कातडं भिंतीला लावलं, तर त्याला माणूस म्हनायचं का, साहेब?"

तो खाली बघायला लागला.

"कधी ठरलं हे?"

"सुरुवातीलाच. कापायला दगड अख्खे हवे होते. खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता."

सत्कार म्हणून अंगावर घातलेली शाल खुर्चीवर ठेवून मी निघालो. तो "आबा, आबा" करत फाटकापर्यंत आला. मी वळलो नाही. पुन्हा तो दिसला नाही. घरची अजून विचारते, "तो मावशी म्हननारा कुठं असतोय आता?"

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली आणि सरळ सखारामच्या दारात गेलो. तो दात घासत होता. चारचौघांत बोललो होतो, म्हणून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालो, "सखाराम, तू बरोबर व्हतास. माझं चुकलं."